फटीतला वारा आणि पाचशे कोटी डॉलर

फ्लिंट म्हटलं की आता लोकांना नळातून आलेलं शिशाचं पाणी आठवतं. मला तिथले माळे आठवतात. मिशिगन राज्यातल्या या गावात १९०८ साली जनरल मोटर्सचा जन्म झाला आणि पाठोपाठ कामगारांचे लोंढे आले. राहायला जागा नव्हती. माणसं तंबूत, खोपटांत दिवस काढायची. शेवटी १९१९ मध्ये कंपनीनेच घरबांधणीची वेगळी शाखा काढली आणि सिव्हिक पार्क नावाच्या भागात नऊ महिन्यांच्या आत साडेनऊशेच्या आसपास घरं उभी केली. लाकडी घरं, पुढे पडवी, खाली तळघर, वर उतरत्या छपराखाली माळा. त्यांतली जी टिकली ती आजही देखणी दिसतात.

गावातल्या त्या काळच्या घरांच्या भिंती आतून पोकळ असतात. उभे वासे पायापासून थेट छपरापर्यंत एकसंध असायचे आणि दोन वाशांमधली जागा तळघरापासून माळ्यापर्यंत मोकळी राहायची. भट्टीने तापवलेली हवा त्या पोकळीतून वर चढते, माळ्यावर जाते आणि छपराच्या फटींतून निघून जाते. तिची जागा घ्यायला तळघराच्या कडांमधून गार हवा आत शिरते. कोळसा स्वस्त होता तोवर कुणी फिकीर केली नाही. पुढे कोळशाच्या जागी गॅस आला, मग कारखाने एकेक करून बंद पडले, आणि ही घरं उरली निवृत्त कामगारांच्या, विधवांच्या, एकटीने पोरं वाढवणाऱ्या बायकांच्या वाट्याला. जानेवारीत बाहेर उणे पंधरा अंश असताना त्यांच्या पगारातला, पेन्शनमधला मोठा वाटा त्या पोकळ्यांतून आकाशात जात असे.

मी लिहिते आहे तो धंदा या पोकळ्या भरण्याचा. त्याला वेदरायझेशन म्हणतात. २००९ मध्ये अमेरिकी सरकारने मंदीवरचा उतारा म्हणून या धंद्यात एका दमात पाचशे कोटी डॉलर घातले. त्याच पैशाने माझ्यासारखी बाई, मूळची कराडची, सिव्हिलचा डिप्लोमा झालेली, फ्लिंटच्या माळ्यांवर गुडघे टेकून रांगू लागली.

धंदा मात्र माझ्या आधी पस्तीस वर्षांचा होता. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, भाव काही महिन्यांत चौपट झाले. मेनसारख्या उत्तरेकडच्या राज्यात घरं तापायची ती तेलावर, आणि तिथली गरीब माणसं त्या हिवाळ्यात अक्षरशः गारठली. अध्यक्ष जॉन्सन यांच्या १९६४ च्या गरिबीविरोधी कायद्यातून गावोगावी लोकसंस्था उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी खिडक्यांवर प्लास्टिक ठोकायला, दारांच्या कडांना पट्ट्या लावायला सुरुवात केली. १९७६ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने या कामाला देशभर सरकारी आधार मिळाला. पुढच्या वर्षी अध्यक्ष कार्टर यांनी बटणांचा लोकरी स्वेटर घालून टीव्हीवरून लोकांना घरं कमी तापवायला सांगितलं, ते पुष्कळांच्या लक्षात राहिलं. प्लास्टिक ठोकणारी पोरं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. ती बहुतेक रोजगार-प्रशिक्षण योजनेतली होती. त्यांना शिकवणारं कुणी नव्हतं, आणि त्यांनी लावलेलं प्लास्टिक एका हिवाळ्यात फाटायचं.

काम शिकवलं ते मोजमापाने. सत्तरच्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठातले संशोधक न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत घरांना तापमापक लावून बसले होते. माळ्यावर इन्सुलेशन घालूनही घरं हिशेबाइतकी उबदार का राहत नाहीत, हा त्यांचा प्रश्न. त्या चमूत गौतम दत्त नावाचे एक भारतीय संशोधक होते. दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की बरीच उष्णता इन्सुलेशनमधून जातच नाही, ती त्याला वळसा घालून जाते. चिमणीभोवतीची मोकळी जागा, नळांसाठी पाडलेली भोकं, भिंतींची उघडी डोकी, हे तिचे चोरमार्ग. हे कळल्यावर धंद्याचं रूप पालटलं. आधी शोध, मग बुजवणं, आणि इन्सुलेशन सगळ्यात शेवटी. शोधायचं यंत्र म्हणजे दारात बसवायचा पंखा, ब्लोअर डोअर. स्वीडनमध्ये ही कल्पना खिडकीत बसवून वापरली जात होती. अमेरिकेत ती दारात आली आणि ऐंशीच्या दशकात मिनियापोलिसमध्ये तयार झालेले पंखे गावोगावच्या संस्थांकडे पोहोचले.

त्याच दशकात रेगन सरकारला ही योजना गुंडाळायची होती. संसदेने ती तगवली, आणि दुसरा टेकू आला तो कोर्टातून. तेलावर किंमत-नियंत्रण असताना एक्सॉनने जादा भाव घेतला होता. त्याची दोनशे कोटी डॉलरहून अधिक भरपाई १९८६ मध्ये राज्यांना वाटली गेली, आणि तिच्यातला काही भाग या गरीब घरांच्या फटी बुजवायला आला. नव्वदीत ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने घराची मापं भरली की कुठल्या कामाचे पैसे किती वर्षांत वसूल होतील ते सांगणारा संगणकी कार्यक्रम दिला. अशा तऱ्हेने २००८ पर्यंत हा धंदा लहान, कायम पैशाच्या तंगीत, पण जाणकार झाला होता. देशभरासाठी वर्षाला जेमतेम तेवीस कोटी डॉलर. म्हातारे होत चाललेले मिस्त्री, दोन-चार व्हॅन, आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी.

आणि मग तो लोंढा आला. १७ फेब्रुवारी २००९ रोजी ओबामांनी डेन्व्हरच्या निसर्ग-विज्ञान संग्रहालयात ७८,७०० कोटी डॉलरच्या कायद्यावर सही केली. सहीआधी त्यांनी त्या इमारतीच्या छतावरचे सौर पॅनेल पाहिले. ते बसवणाऱ्या कोलोरॅडोतल्या कंपनीचं नाव होतं ‘नमस्ते सोलर’. एकूण रकमेतले सुमारे ९,००० कोटी स्वच्छ ऊर्जेसाठी होते: पवनचक्क्या, सौर प्रकल्प, विजेचं जाळं, बॅटरीचे कारखाने. छायाचित्रकार त्यांच्याकडे धावले ते स्वाभाविकच होतं. पुढे सोलिंड्रा ही सौर कंपनी ५३.५ कोटींच्या सरकारी हमीच्या कर्जासकट २०११ मध्ये बुडाली तेव्हा सगळी चर्चा तिच्याभोवती फिरली. हॉलंड या मिशिगनमधल्याच गावातल्या बॅटरी कारखान्यात मागणीअभावी कामगार बसून होते, तेही गाजलं. तो कारखाना नंतर नीट चालू लागला, ते मात्र कमी लोकांनी ऐकलं. घरांच्या फटींसाठीचे पाचशे कोटी या गदारोळात बाजूलाच राहिले. माझ्या मते त्या कायद्यातल्या ऊर्जेच्या पैशांपैकी गरीब माणसाच्या उंबऱ्याच्या आत गेलेला पैसा मुख्यतः हाच.

त्या वसंत ऋतूत मिशिगनमध्ये काय चाललं होतं हे सांगायला हवं. ३० एप्रिलला क्रायस्लरने दिवाळखोरी मागितली, १ जूनला जनरल मोटर्सने. राज्यातली बेरोजगारी चौदा टक्क्यांच्या घरात गेली. माझ्या नवऱ्याची सुट्या भागांच्या कारखान्यातली नोकरी त्याच उन्हाळ्यात गेली. कम्युनिटी कॉलेजात वेदरायझेशनचं प्रशिक्षण फुकट मिळत होतं. वर्गात मी धरून तीन बायका आणि बाकी सगळे असेंब्ली लाइनवरून घरी बसवलेले पुरुष. त्यांतले काही वीस वर्षं एकच बोल्ट आवळत आले होते. इथे प्रत्येक घर वेगळं आहे म्हटल्यावर ते आधी बुजले, आणि महिन्याभरात त्याच गोष्टीने त्यांना या कामाची गोडी लागली.

मिशिगनच्या वाट्याला २४ कोटी डॉलर आले होते, आणि आम्ही पहिले कित्येक महिने हातावर हात ठेवून बसलो. ज्यांचं काम हिवाळ्याआधी व्हायला हवं त्यांच्या बाबतीत हा उशीर मला आजही खुपतो, पण त्यामागची कारणं पोरकट नव्हती. सरकारी बांधकामात स्थानिक दराने मजुरी द्यावी असा १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा आहे, आणि तो या योजनेला प्रथमच लागू झाला. फटी बुजवणाऱ्याची मजुरी किती, हे आजवर कुणी ठरवलंच नव्हतं. श्रम खात्याला देशातल्या तीन हजारांहून अधिक काउंट्यांसाठी दर काढावे लागले. दुसरं, पन्नास वर्षांहून जुन्या घराला हात लावण्याआधी वारसा-जतन कार्यालयाची तपासणी आवश्यक. मिशिगनमध्ये यादीतली नव्वद टक्के घरं तशी, आणि त्या कार्यालयात हे काम बघायला माणसं दोन. डिसेंबर २००९ अखेरपर्यंत राज्यांना दिलेल्या ४७३ कोटींपैकी आठ टक्केसुद्धा उचलले गेले नव्हते. त्याच महिन्यात ओबामा व्हर्जिनियातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात जाऊन इन्सुलेशनचं कौतुक करत होते, आणि आमच्या गोदामात सेल्युलोजच्या पिशव्या प्लास्टिकसुद्धा न फाडता पडून होत्या. मजुरीचा दर ठरेपर्यंत थांबलो याचं मला दुःख नाही. दर ठरल्यावर आमच्या पोरांना पहिल्यांदाच पोट भरेल असं वेतन मिळालं. दुःख याचं की या दोन्ही गोष्टी शांततेच्या काळात, मंदी नसताना, कुणी करून ठेवल्या नव्हत्या.

२०१० च्या मार्चपासून काम धावू लागलं. एका घराची हकीकत सांगते, म्हणजे हा पैसा नेमका कशात जात होता ते कळेल. घरमालकीण सत्तरीची, नवरा ब्यूइकच्या कारखान्यातून निवृत्त होऊन वारलेला. तीन खोल्या बंद करून ती स्वयंपाकघर आणि एका झोपायच्या खोलीत राहत होती. मी आधी भट्टीची आणि गरम पाण्याच्या टाकीची चिमणी तपासली, कारण घर घट्ट केल्यावर कार्बन मोनॉक्साइड आत राहिला तर माणूस झोपेत जातो. हे पहिलं पाऊल आम्हाला कधी चुकवू दिलं नाही. मग पुढच्या दारात पंखा बसवला, खिडक्या लावून घेतल्या आणि घरातला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने खाली आणला. ताशी तीस किलोमीटरचा वारा चारी बाजूंनी घरावर येऊन आदळला तर जे होईल तेच यात होतं. मापकावर आकडा आला मिनिटाला पाच हजार घनफुटांच्या वर.

आता वारा कुठून येतो ते शोधायचं. त्यासाठी धुराची पेन्सिल मिळते, पण मी कँटनच्या भारतीय दुकानातून आणलेली मोगऱ्याची उदबत्ती वापरायची. तिचा धूर बारीक आणि सरळ असतो. विजेच्या बटणांशी धरली तर धूर आडवा. जिन्याखालच्या कपाटात तर तो असा वळला की बाई दोन पावलं मागे सरकल्या. त्या कपाटाच्या मागची भिंत वर थेट माळ्याला उघडी होती. त्यांनी चाळीस वर्षं त्या कपाटात कोट ठेवले होते, आणि हिवाळ्यात कोट घालताना तो बर्फासारखा का लागतो हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पोरं आली. माळ्यावर जाऊन भिंतींची डोकी फोमच्या तुकड्यांनी बंद केली, चिमणीभोवती पत्रा आणि आग न धरणारं कॉकिंग लावलं. मग बाहेरून लाकडी पट्ट्या काढून प्रत्येक दोन वाशांमध्ये दोन इंची भोक पाडायचं, नळी आत सरकवायची आणि सेल्युलोज भरायचा. सेल्युलोज म्हणजे जुनी वर्तमानपत्रं दळून, आग आणि किडे लागू नयेत म्हणून बोरॉनचं मीठ मिसळून केलेला भुसा. तो नुसता टाकला तर वर्षभरात खाली बसतो आणि वरची जागा पुन्हा रिकामी. दाबून भरावा लागतो. पोकळी भरत आली की यंत्राचा आवाज खर्जात जातो आणि नळी हातात थरथरते. त्या क्षणी ती बोटभर मागे ओढायची, पुन्हा भरायचं. हे पुस्तकातून येत नाही. आमचा मुख्य मिस्त्री फळीवर तळवा टेकवून सांगायचा, भिंत भरली की नाही. त्याला हे यायला पंधरा वर्षं लागली होती, आणि आम्हाला तो ते दोन वर्षांत देऊ पाहत होता. शेवटी पुन्हा पंखा लावला तेव्हा आकडा निम्म्यावर आला होता. बाईंनी त्या संध्याकाळी बंद खोल्यांची दारं उघडली.

प्रत्येक घरात असं घडलं नाही. एका घरावर सरासरी खर्चाची मर्यादा आता साडेसहा हजार डॉलर केली होती, गरिबीची अटही सैल झाली होती, पण नियम एक: पैसा ऊर्जा वाचवणाऱ्या कामालाच. छप्पर गळत असेल तर माळ्यावर इन्सुलेशन घालून उपयोग नाही, आणि छप्पर दुरुस्त करायला परवानगी नव्हती. भिंतीत चिनी मातीच्या खुंट्यांवर ताणलेल्या जुन्या तारा असतील तर भिंत भरायची नाही, आगीचा धोका. माळ्यावर जुना व्हर्मिक्युलाइट दिसला तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो, खाली उतरायचं. अशा घरांच्या कागदावर मी ‘तूर्त स्थगित’ असा शेरा मारायची आणि घरच्यांना ते समजावून सांगायची. सर्वांत गरजू घरं नेमकी हीच असायची. हे सांगताना समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघणं मला कधी सोपं गेलं नाही.

२०१२ च्या वसंतात पैसा संपला. देशभर मिळून लाखो घरं झाली होती. ठरवलेल्या आकड्यापेक्षा हे जास्तच. त्या वर्षी संसदेने या योजनेला दिले फक्त ६.८ कोटी डॉलर, म्हणजे मंदीच्या आधीपेक्षाही फार कमी. मी ज्या संस्थेत होते तिथे तीनपैकी दोन तुकड्या बंद झाल्या, माझं पदही गेलं. भुसा भरायचं यंत्र लिलावात गेलं. आमच्या वर्गातले दोघं छपरांच्या कामाला लागले, एक ट्रक चालवू लागला. ज्या मिस्त्रीने तळव्याने भिंत ऐकायला शिकवलं तो निवृत्त झाला, आणि त्याच्याकडून शिकलेल्यांना कामच उरलं नाही. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त चीड येते ती इथे. पोलाद किंवा सिमेंट साठवून ठेवता येतं; हातातलं कसब तसं ठेवता येत नाही. तीन वर्षं पूर आणि पुढे कोरड, अशा पैशावर कारागीर तयार होतात आणि पांगतात.

मग २०१५ मध्ये तो अभ्यास आला. बर्कली आणि शिकागो विद्यापीठांतल्या फाउली, ग्रीनस्टोन आणि वुल्फ्रम या अर्थतज्ज्ञांनी मिशिगनमधल्याच तीस हजारांहून अधिक घरांवर प्रयोग केला होता. त्यांचा निष्कर्ष असा की या कामाचा खर्च त्यातून वाचलेल्या ऊर्जेच्या किमतीच्या सुमारे दुप्पट होता, आणि संगणकाने भाकीत केलेली बचत प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त होती. शिवाय दारोदार जाऊन, फोन करून, सगळं फुकट आहे असं सांगूनही जेमतेम सहा टक्के घरांनी काम करून घेतलं.

अभ्यास चोख आहे आणि मी त्याला खोटं म्हणणार नाही. भाकितं फुगलेली होती हे माळ्यावर काम करणाऱ्यांना ठाऊक होतं; संगणक धरून चालायचा की घर आधी नीट तापवलं जातं, आणि आमच्या बाई तर दोन खोल्यांत राहत होत्या. त्यांनी नंतर तीन खोल्या उघडल्या तर गॅस कसा वाचेल? बिलात ते नुकसान दिसतं. फुकट असूनही लोक का येत नाहीत, तेही मला माहीत आहे. वर्षभराचे पगाराचे कागद, घराचा दाखला, भाडेकरू असाल तर मालकाची सही, मग परक्या माणसांनी तळघरात उतरणं. ज्याच्यावर घरपट्टी थकलेली आहे तो सरकारी माणसाला घरात घेत नाही. ओक रिजच्या मूल्यमापनात दम्याचे झटके, थंडीने येणारे आजार, कार्बन मोनॉक्साइडचे धोके यांतला फरक पैशात धरला तेव्हा पारडं फिरलं. आणि एक आकडा त्या वादात क्वचितच येतो: गरिबांची, मुख्यतः तापवण्याची, बिलं भरायला केंद्र सरकारने २००९ या एकाच वर्षात ५१० कोटी डॉलर दिले. तेवढाच खर्च पुढच्या वर्षीही झाला. ते पैसे जळून गेले, आणि घर होतं तसंच राहिलं. बिलं भरणं थांबवा असं मी म्हणत नाही, लोक मरतील. पण दोन्ही पैशांचा हिशेब एकाच वहीत मांडला गेला पाहिजे.

नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात या योजनेला पुन्हा ३५० कोटी डॉलर मिळाले. या वेळी ते अनेक वर्षांत खर्च करायचे होते, मजुरीच्या दरांची चौकट तयार होती, वारसा कार्यालयांशी करार झालेले होते; २००९ ची ठेच तेवढी उपयोगी पडली. पण मला त्याहून महत्त्वाची वाटली ती २०२२ मधली एक लहान तरतूद. गळकी छपरं, जुन्या तारा, अॅस्बेस्टॉस यांमुळे स्थगित राहिलेल्या घरांना आधी कामालायक करायला वेगळा निधी. पहिल्या वर्षी सगळ्या देशासाठी दीड कोटी डॉलर. एका छपराला दहा हजार धरले तर दीड हजार छपरं. फ्लिंटमध्ये मी ज्या घरांच्या कागदांवर स्थगितीचा शेरा मारला होता त्यांतली कित्येक तोवर पाडली गेली होती. जी उभी आहेत त्यांचे पत्ते माझ्याकडे अजून आहेत, आणि ते मी त्या गावातल्या नव्या तपासनीस मुलीला पाठवले आहेत.